रोजचं एकच पेन: निवडण्यापासून जुनं जागं करण्यापर्यंत

गेली एकोणीस वर्षं मी एकाच पेनानं लिहिते आहे. काळं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरनं शाई भरायचं पेन. इंदूरला राजवाड्याजवळच्या खजूरी बाजारात ते घेतलं तेव्हा माझी थोरली पहिलीत होती. शाळेचं टाचण हिंदीत, घरचा हिशेब, पत्रं आणि रोजनिशी मराठीत, सगळं याच पेनानं. मधल्या काळात एक टोपण फुटलं आणि एकदा निब बदलावी लागली, पण दांडी तीच आहे. माझं बोट जिथे टेकतं तिथली चकाकी जाऊन तिथे एक मऊ, मंद पट्टा तयार झाला आहे. अंधारातसुद्धा हात बरोबर तिथेच जातो.

शाळेतल्या मुली, शेजारच्या वहिनी, पुण्याची भाची, सगळ्याजणी विचारतात, "कुठलं पेन घेऊ?" हा प्रश्न अर्धाच आहे. चांगलं पेन आज शंभर-दोनशे रुपयांतही मिळतं. बहुतेकांचं शाईचं पेन दोन महिन्यांत खणात जाऊन पडतं, कारण ते नीट चालेनासं झालं की माणसं सगळंच एकदम बदलतात. शाई बदलतात, वही बदलतात, मग पेनही बदलतात. दोष कशात होता ते कधी कळतच नाही. म्हणून माझी पहिली अट ही: एक पेन, एक शाई, एका प्रकारची वही. सहा महिने तरी यातलं काही हलवायचं नाही. हलवायचंच झालं तर एका वेळी एकच गोष्ट. पुढचं सगळं याच अटीवर उभं आहे.

निब निवडताना देवनागरी लिहून बघा

दुकानात पेन हातात आलं की लोक इंग्रजीत सही करून बघतात. सही सवयीनं झरझर होते, त्यात निबचा दोष लपतो. तुम्ही मराठी लिहिणार असाल तर मराठीच लिहून बघा. माझे ठरलेले शब्द आहेत: उत्कृष्ट, द्वंद्व, ज्ञानेश्वर, श्रीखंड, आणि दोन-तीनदा नुसता ळ. ळ ची दोन्ही पोटं आणि ष्ट चं पोट मोकळं राहायला हवं. तुमच्या नेहमीच्या अक्षराच्या मापात ती शाईनं बुजत असतील तर निब तुमच्यासाठी जाड आहे. आपल्या जोडाक्षरांत एका अक्षराच्या जागेत दोन-तीन वळणं बसवायची असतात, त्यामुळे आखीव वहीत लिहिणाऱ्याला बारीक, म्हणजे फाइन निबच बरी पडते. जपानी कंपन्यांची फाइन युरोपीय कंपन्यांच्या फाइनपेक्षा बहुधा आणखी बारीक असते, हेही लक्षात ठेवा. मोठं, सुटं अक्षर असेल तर मीडियम घ्या. त्याहून जाड निब पाकिटावरच्या पत्त्याला शोभते, रोजच्या लिखाणाला नाही.

शब्द लिहून झाले की त्यांच्यावर शिरोरेघ ओढा, सलग, चांगली चार बोटं लांब. ही रेघ म्हणजे निबची खरी परीक्षा. निबच्या मधोमध चीर असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाती. उभी रेघ ओढताना दोन्ही पाती बरोबर चालतात. आडवी रेघ ओढताना एक पातं पुढे आणि दुसरं मागे असतं. एखादं पातं केसभर खाली असेल तर ते एका दिशेनं कागदात रुततं. म्हणून रेघ डावीकडून उजवीकडे ओढा, मग उलट ओढा. एकीकडे खरखर आणि दुसरीकडे मऊ असं झालं तर पाती समपातळीत नाहीत. दुकानदाराकडून दुसरी निब मागून घ्या, संकोच करू नका.

रेघेचा विषय निघाला म्हणून सांगते. होळकरांच्या दफ्तरातले मराठी कागद मोडीत आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदावर रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता बोरू चालवी. आपण बाळबोध लिहितो ती अक्षर आधी, रेघ नंतर. हल्ली पुष्कळजण रेघ देतच नाहीत. मी देते. शाईच्या पेनानं लिहिलेल्या शब्दावर शेवटी ती ओली रेघ फिरते तेव्हा शब्द पुरा झाला असं मनाला वाटतं.

डावखुऱ्यांना हीच रेघ ढकलत न्यावी लागते, ओढता येत नाही. त्यांनी अगदी बारीक निब टाळावी आणि लवकर वाळणारी शाई घ्यावी.

पेनाचं वजन आणि जाडी याबद्दल एवढंच सांगते की टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी अर्धं पान लिहून बघा. मनगट मागे ओढलं गेलं तर ते पेन रोजचं नव्हे.

शाई भरायच्या तीन तऱ्हा बाजारात दिसतील. तयार कार्ट्रिज, म्हणजे शाई भरूनच येणाऱ्या छोट्या नळ्या, महाग पडतात. कन्व्हर्टर, म्हणजे दौतीतून पुन्हा पुन्हा भरायची छोटी नळी, सोयीचा, पण त्यात साधारण अर्धा ते पाऊण मिलीच शाई मावते. ड्रॉपरचं पेन म्हणजे अख्खी नळीच शाईची टाकी. माझ्या पेनात सुमारे २ मिली बसते आणि रोज दोन-तीन पानं लिहिली तर आठ-दहा दिवस पुरते. ६० मिलीची एक दौत आणली की आठ-दहा महिन्यांच्या शाईची काळजी मिटते. त्याला थोडी शिस्त लागते, ती पुढे सांगते.

घरी आणल्यावर आधी धुवा

नव्या पेनात शाई भरायची घाई करू नका. कारखान्यातलं तेल निबवर आणि जिभेवर राहिलेलं असतं. जीभ म्हणजे निबच्या पोटाखालचा तो काळा खाचांचा तुकडा. शाई खाली येते ती तिच्या बारीक खाचांतून, केशाकर्षणानं. जेवढी शाई उतरते तेवढीच हवा त्याच वाटेनं वर नळीत जाते. वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलं ते असल्याच खाचांच्या जिभेचं, आणि आजही तत्त्व तेच आहे. खाचेत तेल असेल तर शाई तिथे धरत नाही, पहिल्या ओळीत तुटते, आणि माणूस म्हणतो पेन खराब निघालं.

वाटीभर साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. पेनाचा निबवाला पुढचा भाग त्यात दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यानं साबण पुरता जाईपर्यंत धुवा. गरम पाणी वापरू नका. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्यानं आणि उन्हानं त्याचा काळा रंग जाऊन शेवाळी-तपकिरी होतो. प्लॅस्टिकची जीभ गरम पाण्यानं वाकते. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव तर पेनाच्या जवळही आणू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. इंदूरला नळाला येतं ते जलूदहून चढवलेलं नर्मदेचं पाणी, ते धुण्याला ठीक. पण ज्यांच्याकडे बोरिंगचं पाणी आहे त्यांनी जपावं. ते जड असतं, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो तोच थर जिभेच्या खाचांतही बसतो. शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यानं करा, अर्धा पेला पुरतो.

शाई: साधी, आणि तीच ती

माझी शाई कॅमलची रॉयल ब्लू. नानांचीही तीच होती. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, एका कापड गिरणीत हिशेबनीस होते आणि त्यांच्या टेबलावर ती उंटाची दौत कायम असे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकण्यापासून सुरुवात केली, आणि मराठी माणसाच्या त्या उद्योगाची शाई आमच्या माळव्यातल्या घरात पोचली याचा नानांना अभिमान होता. मलाही आहे. पण मी ती वापरते त्याचं कारण अभिमान नाही. ती पातळ आहे, धुतली की पूर्ण निघते, आणि महिनाभर पेनात राहिली तरी जीभ धरत नाही.

रॉयल ब्लूची उणीव अशी की ती पाण्यानं पसरते आणि उजेडात फिकी पडते. बंद वहीत, कपाटात ती चांगली राहते. भिंतीवर लावायच्या कागदाला, चेकला, कोर्टाच्या किंवा मालमत्तेच्या कागदाला ती वापरू नका. त्यासाठी माझ्या पर्समध्ये एक बॉलपेन असतं. टिकाऊ शाईच हवी तर लोहाची शाई मिळते. पूर्वी आपल्याकडे हिराकस आणि मायफळ वापरून करत, तिच्याच कुळातली. ती कागदात मुरून काळी होते आणि पाण्यानं जात नाही. पण ती आम्ल असते, पेनात वाळू दिली तर स्टीलची निब खाते. ती वापरणाऱ्यानं दर दोन-तीन आठवड्यांनी पेन धुतलंच पाहिजे.

कधीही भरू नये अशी शाई म्हणजे चित्रकलेची काळी शाई. तिच्यात काजळी आणि लाख असते. तिसऱ्या वर्षी एका दुकानात मला घाईत तीच दौत मिळाली आणि मीही लेबल वाचलं नाही. दोन तासांत निब गप्प झाली. जीभ बाहेर काढून, बाळाच्या मऊ टूथब्रशनं, चार दिवस पाणी बदलत बदलत ती खाच खाच मोकळी केली. स्टॅम्प पॅडची शाईही नको.

दोन शाया एकत्र करू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. काही मिश्रणांत साका बसतो आणि तो नेमका जिभेत अडकतो. दौत उघडल्यावर वर पांढरट साय दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी. पावसाळ्यात असं होतं. गाळून वापरायचा मोह होईल, पण ती दौत टाकून द्यायची आणि पेन साबणाच्या पाण्यानं धुवायचं. वापरलेला ड्रॉपर पुन्हा ओला दौतीत बुडवू नका, बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

वही

शाई फुटते, म्हणजे अक्षराच्या कडांना केसांसारखे फाटे येतात, तेव्हा दोष शंभरात नव्वद वेळा कागदाचा असतो. साध्या वह्यांचा कागद ५५-६० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि पोकळ असतो. तो शाई पितो आणि मागच्या पानावर उमटवतो. ७० च्या वरचा, हाताला गुळगुळीत लागणारा घ्या. पण नुसत्या जीएसएमवर भरवसा ठेवू नका. जाड कागदही पोकळ असू शकतो, आणि पातळ कागदाला चांगली कांजी दिलेली असेल तर त्यावर रेघ स्वच्छ बसते. खात्रीचा उपाय एकच आहे: आपलं पेन घेऊन दुकानात जायचं, नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहायची, दहा श्वास थांबायचं आणि पान उलटून बघायचं. खजूरी बाजारातले दुकानदार आधी चमकतात, मग दुसऱ्या खेपेला स्वतःच वही उघडून पुढे करतात. पसंत पडली की मी वर्षाच्या सहा वह्या एकदम घेते, म्हणजे मध्येच कागद बदलत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये तोच कागद थोडा जास्त फुटेल. तो ओल धरतो म्हणून. वह्या बंद कपाटात ठेवा आणि तेवढे दोन महिने पेनावर राग काढू नका.

लिहिताना हाताखाली टिपकागद ठेवा. हाताचं तेल कागदाला लागतं आणि पानाच्या खालच्या भागात शाई तुटायला लागते. वरच्या ओळी उत्तम आणि खालच्या तुटक असं दिसलं की कारण हेच समजा.

हात

बॉलपेननं लिहिणाऱ्याला दाबायची सवय असते, कारण त्यातली गोळी दाबल्याशिवाय फिरत नाही. शाईचं पेन कागदाला नुसतं टेकलं की चालतं. राजवाड्यामागच्या गल्लीत पूर्वी पेनं दुरुस्त करणारे एक वयस्क काका बसत. निब बदलून देताना ते एकच वाक्य म्हणत, "दीदी, पेन को चलने दो, धक्का मत दो."

पहिला महिना रोज अर्धं पान याच सरावासाठी ठेवा. पेन अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत आडवं टेकू द्या, कागदाशी साधारण ४५ ते ५० अंशांचा कोन. निबची पाठ, म्हणजे कोरलेली बाजू, आकाशाकडे. ती डावी-उजवीकडे कलली तर एकच पातं कागदाला लागतं. लिहिताना पानाखाली दुसरा कोरा कागद ठेवा. मागच्या कागदावर अक्षराचा खड्डा बोटाला लागत असेल तर अजून दाब जास्त आहे. माझ्या शाळेतल्या एका मुलीला हे जमायला पाच आठवडे लागले. तिचं अक्षर बदललं, पण तिला जास्त आनंद झाला तो तीन तासांच्या पेपरनंतर बोटं दुखली नाहीत याचा.

ड्रॉपरचं पेन भरायची रीत

या भागावर मी मुद्दाम थांबते, कारण ड्रॉपरच्या पेनानं वहीवर टपकन थेंब टाकला की लोक ते कायमचं सोडून देतात, आणि तो थेंब टाळता येतो.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र, शेजारी ओला फडका. पुढचा निबवाला भाग फिरवून काढा आणि निब वर करून वाटीत उभा ठेवा. नळी सरळ धरा. ड्रॉपरनं शाई भरा, पण आट्यांच्या खाली पाव इंच जागा सोडा. आट्या कोरड्या पुसा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, मोहरीएवढा कण पुरे. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे ते मिळतं. व्हॅसलिन लावू नका, रबराची चकती असेल तर ती फुगून सैल पडते. मग पुढचा भाग हलक्या हातानं घट्ट बसवा. पिळू नका, आट्या झिजतात. पेन निब खाली करून मिनिटभर धरा, पहिली रेघ टिपकागदावर ओढा.

आता थेंबाबद्दल. नळी भरलेली असते तोवर काही होत नाही. शाई तिसऱ्या हिश्शावर आली की उरलेल्या जागेत हवा असते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते, शाईला खाली ढकलते, आणि जीभ तेवढी धरू शकत नाही. म्हणून नियम असा: एक तृतीयांश उरली की भरून घ्या, संपायची वाट बघू नका. मी वहीच्या शेवटच्या पानावर भरल्याची तारीख लिहिते, आठवा दिवस आला की उजेडासमोर न धरताही मला अंदाज असतो.

यातली गंमत मला पाच-सहा वर्षांनी उमगली. मला वाटायचं उन्हाळ्यात थेंब जास्त पडतील. घडतं उलट. मे महिन्यात इंदूरला दुपारी पारा ४० च्या वर असतो, खोलीतली हवाच हाताइतकी किंवा हाताहून गरम असते, मग नळीतल्या हवेला आणखी फुगायला कारण उरत नाही. थेंब पडतात ते जानेवारीच्या सकाळी, पेन थंडगार आणि हात रजईतून नुकताच बाहेर आलेला असतो तेव्हा. हिवाळ्यात लिहायला बसण्याआधी पेन टोपणासकट मुठीत धरा, निब वर करून, चहाचे चार घोट होईपर्यंत. हवा फुगते ती निबकडून बाहेर निघून जाते आणि शाई खालीच राहते. मग टोपण काढा. हे करायला लागल्यापासून माझ्या रोजनिशीत डाग नाही.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा आहे. टोपण उघडं राहिलं की दोन-तीन मिनिटांत निब सुकते, आणि आठवडाभर न वापरलेल्या पेनातलं पाणी उडून शाई गडद, घट्ट होते. विचार करताना टोपण लावायची सवय लावून घ्या. निब सुकलीच तर झटकू नका. ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवा, सुरू होते.

धुणं: महिन्यातून एकदा

माझा दिवस ठरलेला आहे, महिन्याचा पहिला रविवार. पोह्यांचा नाश्ता झाला, ओटा पुसला की पेन. शाई संपत आलेली असेल असं आदल्या आठवड्यात बघते. नळी विसळायची, पुढचा भाग पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग छोट्या रबरी पिचकारीनं मागून पाणी सोडायचं. आधी निळं, मग आकाशी, मग नुसतं पाणी. निघालेलं पाणी पांढऱ्या कपात घेऊन बघा, स्टीलच्या वाटीत रंग कळत नाही. शेवटी निब खाली करून, कापडाची घडी ठेवलेल्या पेल्यात रात्रभर उभं करायचं. पाणी राहिलं तर पहिले दोन दिवस शाई फिकी येईल, त्यानं बिघडत काही नाही.

निब आणि जीभ दर वेळी उपसून काढू नका. घट्ट बसवलेली जोडी वारंवार काढली की सैल होते आणि मग शाई वाजवीपेक्षा जास्त उतरते. पिचकारीनं भागत असेल तोवर तिला हात नको.

बिघाड ओळखणं

अटीचा उपयोग इथे होतो. शाई तीच आणि कागद तोच आहे, तरी पेन वेगळं वागतं आहे, म्हणजे दोष पेनात. आधी धुवा. बहुतेक तक्रारी इथेच संपतात. धुऊनही पहिली रेघ तुटते तर हात धुऊन, नव्या पानावर लिहून बघा. तरीही तुटते तर भिंग घ्या.

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घरात असू द्या. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खाऊगल्ली भरते, खायला सगळेच जातात, तुम्ही दिवसा जा आणि सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे मागा. निब समोरून, टोकाकडून बघा. दोन्ही पाती सारख्या उंचीवर दिसायला हवीत. एक वर असेल तर ते अंगठ्याच्या नखानं हळूच खाली दाबून पाच सेकंद धरा, सोडा, पुन्हा बघा. एका दमात सरळ करायला जाऊ नका. मग निब उजेडासमोर धरा: चीर मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती दिसावी. टोकाशी दोन पाती एकमेकींना घट्ट चिकटली असतील तर शाई कमी येते. पितळेची कागदासारखी पातळ पत्री चिरेतून एक-दोनदा फिरवा. ब्लेड घालू नका, चिरेच्या कडा कापल्या जातात.

निब सॅन्डपेपरवर घासू नका. टोकाला जो कणीसारखा गोळा असतो, ज्याला आपण इरिडियम म्हणतो, तो फार कठीण पण फार छोटा असतो. तो गेला की निब गेली. घासायचंच तर अगदी शेवटी, १२,००० नंबरच्या पॉलिश कागदावर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी चार-पाच वळणं, बिनदाबाची, आणि लगेच लिहून बघा.

निब टोकावर पडून वाकली तर? बदला. माझी एकदा शाळेच्या फरशीवर पडली आणि टोक हूकसारखं वळलं. मी तीन रात्री ती सरळ करण्यात घालवल्या. सरळ झाली, पण पुन्हा ती माझी निब झाली नाही. नवी निब बसवली, आठवड्यात पेन पूर्वीसारखं चालू लागलं.

उसनं देणं, प्रवास

आपलं पेन दुसऱ्याला देऊ नये असं जुनी माणसं सांगत, कारण निब एका हाताला बसलेली असते. टोकाचा गोळा इतका कठीण असतो की तो हाताला बसायला वर्षं लागतात. दोन ओळींनी तो बिघडत नाही. बिघडतं ते दाबामुळे. बॉलपेनच्या सवयीनं कुणी एक सही दाबून केली तर पाती फाकतात, आणि ती पुन्हा जवळ आणणं कठीण. म्हणून मी देत नाही, पर्समधलं बॉलपेन पुढे करते. कुणी रागावत नाही.

पुण्याच्या रात्रभराच्या बसला पेन काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर, खिशात किंवा पर्सच्या उभ्या कप्प्यात. विमानातही तेच. अर्धं भरलेलं पेनच गळतं.

घरातलं जुनं पेन जागं करणं

पुष्कळ घरांत आजोबांचं, वडिलांचं पेन ट्रंकेत पडून असतं, शाई आतच वाळलेली. ते टाकू नका, आणि उघडायला पक्कडही लावू नका. पुढचा भाग फिरत नसेल तर आट्यांत शाई धरली आहे. एका छोट्या वाटीत इतकंच पाणी घ्या की निब आणि आट्यांपर्यंतचा भाग बुडेल. अख्खं पेन बुडवू नका. एबोनाइट असेल तर रंग जातो, आणि आत रबराची पिशवी किंवा धातूची पट्टी असेल तर गंज. दर चार-पाच तासांनी पाणी बदला. फडक्यात धरून हलक्या हातानं फिरवून बघा, नाही फिरलं तर पुन्हा पाण्यात. आतली रबरी पिशवी वाळून कडक झालेली निघाली तर ओढू नका, ती तुकडे तुकडे होऊन निघेल आणि नवी बसवता येते. निबला गंजाचे खड्डे नसतील, टोकाचा गोळा जागेवर असेल, तर पेन लिहील.

नानांचं पेन मला आई गेल्यावर तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत सापडलं, रामबागेतलं घर आवरताना. नाना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पेनात शाई होती, त्यांनीच भरलेली. मी ते पांढऱ्या कपात ठेवलं. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निबच्या चिरेतून निळ्या धाग्यासारखी एक रेघ पाण्यात खाली उतरताना दिसली, आणि मग दोन दिवस ते पाणी निळं होत राहिलं. दर वेळी कप बदलताना ते पाणी मोरीत ओतवेना, म्हणून तुळशीच्या बाजूच्या रिकाम्या कुंडीत ओतलं. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ निघालं. पेन पुसलं, दौतीतून रॉयल ब्लू भरली आणि वहीच्या कोऱ्या पानावर आधी ळ लिहिला. दोन्ही पोटं मोकळी होती.